काळ्या चिलखताची कृती

काळ्या रंगावर काळा रंग फासून काळं चिलखत होत नाही, हे कमळाने आजवर अकरा बायकांना शिकवलं होतं, आणि त्यातल्या नऊजणी महिन्याभरात परत कपड्यांचे धागे कापायच्या कामाला निघून गेल्या होत्या. त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही. अंगठ्याएवढा शिशाचा शिपाई, त्याच्या अंगावर तांदळाच्या दाण्याएवढ्या पट्ट्या, त्या पट्ट्यांना मोहरीपेक्षा बारीक खिळे, आणि कमळा म्हणणार की प्रत्येक खिळ्याच्या डोक्यावर उजेड पडला पाहिजे. धागे कापताना निदान मान तरी मोडत नाही.

भिवंडीजवळच्या वळ गावात, गोदामांच्या रांगेत, एका बाजूला टायर आणि दुसऱ्या बाजूला लहान मुलांचे लंगोट भरलेलं गोदाम, यांच्या मधोमध हा गाळा होता. जमीन रामनाथबाबांची, धंदा त्यांच्या मुलाचा, मनोजचा. विलायतेतून उघडेबोडके शिपाई खोक्यांतून यायचे आणि इथून रंगून परत जायचे. तिकडची चांगली बाप्ये माणसं हे शिपाई टेबलावर मांडून लढाई लढाई खेळतात, असं मनोजने पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ठमाबाईने ब्रश खाली ठेवला होता. "म्हंजे तिकडचे नवरेबी रिकामटेकडेच हायत," ती म्हणाली होती, आणि पहिल्या दिवसापासून कमळाच्या बरोबरीने टिकून राहिली होती ती एवढी एकच.

कमळाचं माहेर अंबाडीचं. तिचा बाप चिंधू तिथल्या गणपतीच्या कारखान्यात मजूर, आणि बापाचा डबा घेऊन जाता जाता ही पोरगी तिथे डोळे आखायला शिकली. गणपतीचा डोळा एका दमात आखावा लागतो. मध्ये हात उचलला की देव तिरळा होतो. लग्न होऊन वळला आली तेव्हा तो हात असाच पडून राहिला. नवरा बाळाराम गोदामात माल चढवायचा, हिने सात वर्षं खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. मग मनोजने गाळा काढला, कोणीतरी सांगितलं की बाळारामची बायको मूर्ती रंगवायची, आणि पस्तिसाव्या वर्षी कमळाला पुन्हा हातात ब्रश मिळाला.

तिला हे काम आवडायचं. आवडायचं म्हणजे किती, तर रविवारी सुट्टी असली की तिची चिडचिड व्हायची आणि बाळाराम घराबाहेर जाऊन बसायचा. आयुष्यात या एकाच जागी लोक तिला विचारायला यायचे. घरी, गावात, माहेरी, कुठेही कमळाला कोणी कधी काही विचारलेलं नव्हतं.

आणि ती जागा जायची वेळ आली होती. कुरिअर कंपनीचा एक माणूस दोनदा येऊन गाळ्याची लांबी-रुंदी मोजून गेला होता. मनोजने काही लपवलं नाही. त्याने सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "वहिनी, विलायतेच्या साहेबाने चाळीस काळे पहारेकरी पाठवलेत. आवडले तर पुढचं काम देईल, आपण चालू राहू. नाही आवडले तर मी गाळा भाड्याने देतो. बाबा रोज डोकं खातात माझं."

"आवडतील," कमळा म्हणाली. चाळीसच्या चाळीस तीच रंगवणार होती.

तिने अठरा दिवस घेतले. आधी कानशीने साच्याची रेघ घासली, साबणाने धुतलं, काळं अस्तर दिलं. मग रुपेरी रंगात ब्रश बुडवून तो फडक्याला इतका पुसायचा की त्यात काही उरलंच नाही असं वाटावं, आणि तो कोरडा ब्रश चिलखतावरून नुसता हलका फिरवायचा. उंच जागा तेवढी रुपेरी होते, खोल जागा काळी राहते. त्यावर काळा रंग भरपूर पाण्यात मिसळून सोडायचा. याला गाळ्यात सगळ्या काळं पाणी म्हणायच्या, आणि नव्या बाईला काळं पाणी करायला बसवलं की ठमाबाई विचारायची, "कोणाचा खून केलास गो?" शेवटी काळ्यात निळसर राखाडी मिसळून कडांवर केसाएवढी रेघ. ती जाड झाली की चिलखत राखाडी होतं, नाही दिली की कोळसा होतं. त्या दोन्हींच्या मधली जी जागा आहे ती शब्दांत सांगता येत नाही, असं कमळा म्हणायची. मग सांगत बसायची ते वेगळं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तिने चाळीस शिपायांवर शेवटचा बिनचमकीचा वॉर्निश मारला. ऑक्टोबरचं दमट हवामान, वॉर्निश चांगला वाळायला तीन दिवस तरी लागणार होते. माल दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जायचा होता. सगळं बेतात बसत होतं.

नवमीला कमळाच झेंडू घेऊन आली. तोरण तिनेच बांधलं. ब्रश, कानशी, चिमटे पाटावर मांडले आणि हळद-कुंकवाचं तबकही तिनेच तयार केलं. कुंकू पाण्यात कालवून ओलं केलं, म्हणजे लोखंडाला नीट लागतं. नारळ फोडायला रामनाथबाबा आले. वयाची सत्तरी, हातात काठी, आणि आपल्या मालकीच्या प्रत्येक गाळ्यात आज आपणच पूजा करायची असा हट्ट. त्यांनी ब्रशांना कुंकू लावलं, कानशीला लावलं, आणि मग त्यांची नजर फळीवर गेली. काळे, तलवारी परजलेले चाळीस शिपाई ओळीने उभे होते.

"आन् यांना?" त्यांनी विचारलं.

मनोज म्हणाला, "बाबा, तो माल आहे."

"माल कसला? हत्यारं हायत ना त्यांच्या हातात? चिलखत हाय ना? मंग खंडेनवमीला यांना न्हाय लावायचं तर काय तुमच्या पंख्याला लावायचं?"

वॉर्निश कच्चा होता, हे गाळ्यात फक्त तिला माहीत होतं. मनोजला रंगातलं काही कळत नव्हतं. पण रामनाथबाबा नात्याने तिचे चुलत सासरे, गावातलं सगळ्यात मोठं माणूस, आणि गावच्या सुनेने पूजेच्या मध्ये त्यांना हात आवरा म्हणायचं हे तिच्या जिभेवरच येईना. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ठमाबाईला कोपर मारलं. "अजून वलं हाय ते," ती पुटपुटली.

"देवाच्या कामात आडवी येऊ नको," ठमाबाई तोंडातल्या तोंडात म्हणाली.

आणि खरं सांगायचं तर कमळालाही आतून वाटत होतं की बाबांचं म्हणणं बरोबर आहे. इतक्या तलवारी घरात असताना त्या बिनपूजेच्या ठेवायच्या? तिने स्वतः अठरा दिवस त्या शिपायांना हातात धरून रंगवलं होतं. तेव्हा ती गप्प राहिली. रामनाथबाबांनी करंगळीशेजारचं बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि एकेकाच्या छातीवर मनोभावे टेकवलं, मग हळद, मग अक्षता. एकही सोडला नाही. चाळीस झाल्यावर ते मागे सरून म्हणाले, "आता कसे लढवय्ये दिसतात," आणि पुढच्या गाळ्यात नारळ फोडायला गेले.

दुपारी कमळाने एक शिपाई ओल्या फडक्याने पुसून पाहिला. कुंकू गेलं नाही, पसरलं. थिनरने छाती पुसली, तर कुंकवाबरोबर काळं गेलं, रुपेरी गेलं आणि आतलं शिसं दिसायला लागलं. मनोजने तो हातात घेतला, खिडकीशी नेला, परत आणला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला माहीत होतं?" एवढंच त्याने विचारलं.

"व्हय," कमळा म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

तिने थिनरच्या बाटलीला बूच लावलं. मनोजने खिशातून फोन काढला, बहुतेक कुरिअरवाल्याला लावायला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत खिशात ठेवला. "परवा सकाळी गाडी येईल. तोवर काय होतंय ते बघा," तो म्हणाला, आणि गेला.

चाळीस शिपाई दोन दिवसांत नव्याने रंगवणं शक्य नव्हतं. कमळा तशीच बसून राहिली आणि त्या पुसलेल्या शिपायाकडे बघत राहिली. कुंकू आणि हळद पाण्यात मिसळून खिळ्यांच्या भोवती, पट्ट्यांच्या सांध्यांत उतरलं होतं. काळ्यात विरून त्याचा एक मातकट तांबडा झाला होता, आणि तो रंग तिने कुठेतरी पाहिला होता. भिवंडीला जाताना रस्त्याकडेला भंगारात टाकलेले, कापड विणायचे लूम तिला आठवले. त्या वर्षांत कारखाने बंद पडत होते आणि लूम किलोवर विकले जात होते. पावसात उभ्या लूमचा गंज असाच बोल्टापासून सुरू होतो, सांध्यातून खाली ओघळतो. आणि कारागिराने वर्षानुवर्षं जिथे हात ठेवला, तो दांडा मात्र पार शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

दसरा तिने गाळ्यातच काढला. बाळाराम एकदा दारात येऊन आपट्याची पानं देऊन गेला. तिने उरलेलं कुंकू, हळद आणि चिमूटभर काळा रंग पाण्यात कालवला आणि सगळ्या शिपायांच्या सांध्यांत सोडला. छातीवरचा ठिपका त्यातच खालच्या बाजूला ओढून घेतला. मग सगळ्यात बारीक ब्रश घेऊन प्रत्येकाला ती मनातल्या मनात विचारत गेली, की बाबा, तुझा हात रोज कुठे लागतो? तलवारीच्या मुठीला, पट्ट्याच्या कडीला, शिरस्त्राण उचलतो तिथे त्याच्या खालच्या काठाला. तिथे तिथे तिने पुन्हा स्वच्छ रुपेरी लावलं. या जागेला तिने नावही देऊन टाकलं, हाताची जागा. त्या जागा उजळल्या आणि गंजक्या चिलखतात एकदम माणूस उभा राहिला. ठमाबाई पाहायला आली तेव्हा तिला चेष्टा सुचली नाही.

माल गेला. दिवाळी झाली. मग एका दुपारी मनोजची पुतणी भाविका हसतच गाळ्यात आली. ती कॉलेजला जायची आणि गाळ्याचे सगळे ई-मेल तीच वाचायची. "काकी, साहेब वेडा झालाय," ती म्हणाली. "असला गंज वीस वर्षांत पाहिला नाही म्हणतो. कोणी केला, विचारतोय."

कमळाने हातातला ब्रश धुतला, पुसला, पुन्हा धुतला. तिला कोणाकडे बघावं कळेना. एवढा आनंद तिला आपल्या लग्नातही झाला नव्हता.

"पुढं काय लिवलंय?" ठमाबाईने विचारलं.

भाविकाने पुढचं वाचलं, आणि वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. साहेबाला ही कृती हवी होती. कसं केलं ते पायरीपायरीने, प्रत्येक पायरीचा फोटो काढून. त्याचं मोठं काम आता दुसऱ्या एका देशातल्या कारखान्यात होणार होतं आणि तिथल्या कारागिरांना हे शिकवायचं होतं. त्यांना जमेपर्यंत काम अर्थातच वळला येत राहील.

मनोजला त्यात काही वाईट दिसलं नाही, किंवा दिसलं तरी त्याने ते बोलून दाखवलं नाही. "नाही म्हटलं तर आजच संपलं, वहिनी," तो म्हणाला. "हो म्हटलं तर त्यांना जमेपर्यंत तरी चालेल."

तो गेल्यावर ठमाबाई कमळाच्या स्टुलाला स्टूल लावून बसली. "मंग जमूच न्हाय द्यायचं," ती म्हणाली. "एक पायरी गाळायची. कोणाला कळतंय? ते करतील, बिघडंल, परत करतील, परत बिघडंल. मंग येतील झक मारत."

कमळाला हे पटलं. यात पाप आहे असंही तिला वाटलं नाही. जो माणूस तुमच्या हातचं खाऊन वर कृती विचारतो, तो उद्या तुमच्याकडे जेवायला येणार नसतो, एवढं तिलाही कळत होतं. कोणती पायरी गाळायची हेही तिने लगेच ठरवलं. हाताची जागा. बाकी सगळं कोणीही करील, पण ते नसलं तर चिलखत नुसतं घाण दिसतं, उकिरड्यावरून उचलून आणल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी भाविका कॅमेरा घेऊन बसली. कमळा एकेक पायरी करायची आणि भाविका फोटो काढून लिहून घ्यायची. अस्तर. कोरडा ब्रश. काळं पाणी. कडेची रेघ. गंज कशाचा, तर तांबडा आणि पिवळा. कुंकू-हळदीचं भाविकाने हसत हसत लिहिलं. सात फोटो झाले. "झालं," कमळा म्हणाली, आणि ठमाबाईने तिच्याकडे न बघता मान डोलावली.

भाविकाने फोटो कॉम्प्युटरवर घेतले. शेवटच्या फोटोतला शिपाई पडद्यावर पसरला, ताटाएवढा. कमळाने आपलं काम इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. ते भिंगातून दिसायचं, तेही थोडं थोडं. इथे खिळे सुपारीएवढे दिसत होते, गंज सगळीकडे सारखा बसला होता आणि त्याखाली भाविका इंग्रजीत काहीतरी लिहीत होती.

"काय लिवतेस?"

"तुमचं नाव. रंगवणाऱ्याचं नाव टाका म्हणालाय ना तो. मस्त दिसतंय काकी. पाठवू?"

मस्त दिसतंय, म्हणे! कमळाच्या अंगाची लाही लाही झाली. कॉलेजात शिकलेली पोरगी, चार वर्षं या गाळ्यात येते, आणि तिला हे मस्त दिसतंय. आणि दिसतंय तर दिसू दे, हेच तर हवं होतं. कमळाने हो म्हणायला तोंड उघडलं. पडद्यावरचा तो शिपाई कोणाचाच नव्हता. त्याने ते चिलखत कधी घातलं नव्हतं, काढलं नव्हतं, आणि खाली तिचं नाव होतं. गणपतीचा डोळा आखताना मध्येच हात उचलल्यावर पूर्वी जसं व्हायचं तसं तिला झालं. ती पायरी दाखवली तर आपण काय घालवतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. बाजूलाच बसलेली ठमाबाईही दिसत होती.

"थांब गो," ती म्हणाली. "एक फोटो राहिला."

"कमळे," ठमाबाई म्हणाली.

कमळाने तिकडे पाहिलं नाही. तिने शिपाई उचलला, बारीक ब्रश रुपेरीत बुडवला आणि बोलायला लागली. बोलायला लागली ती थांबेचना. लोखंडाला जिथे हात लागतो तिथे गंज धरत नाही. म्हणून आधी त्या माणसाचा विचार करायचा. हा उजवा की डावखुरा? तलवार आळसाने धरतो की घट्ट? शिरस्त्राण एका हाताने उचलतो की दोन? ते ठरल्याशिवाय ब्रश टेकवायचा नाही. रुपेरी लावायचं ते एकदाच, गिरवायचं नाही, आणि कडेला ते विरत जाऊ द्यायचं, कारण हात काही रेघ ओढून लागत नाही. भाविकाने सगळं लिहून घेतलं. तिला एकदा नीट समजलं नाही तर कमळाने दुसरा शिपाई घेऊन परत करून दाखवलं. या एका पायरीचेच पाच फोटो झाले.

भाविकाने ते पाठवून दिलं. ठमाबाई उठली आणि ब्रश धुवायला घेतले.

"काय केलंस हे," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता.

"मना न्हाय जमलं," कमळा म्हणाली.

काम दोन महिने आणखी आलं. जानेवारीत खोकी यायची थांबली. मनोजने महिनाभर वाट पाहिली आणि मग गाळा कुरिअर कंपनीला दिला. ठमाबाई धागे कापायला गेली. कमळाला त्याच गाळ्यात खोक्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम मिळालं, मनोजनेच शब्द टाकला होता. तिथे तिला कोणी काही विचारत नव्हतं. चिठ्ठी सरळ लागली काय आणि तिरकी लागली काय, खोकं गाडीत चढतंच.

चैत्रात भाविका जेवणाच्या सुट्टीत तिला शोधत आली. साहेबाचं नवं पुस्तक पोस्टाने आलं होतं, मालाची चित्रं असतात ते. तिने मधलं पान उघडून कमळाच्या पुढ्यात धरलं. काळ्या पहारेकऱ्यांची अख्खी पलटण होती, दोनशे तरी असतील, दुसऱ्या देशातल्या कोणा कोणाच्या हातची. गंजलेली.

"तुमच्यासारखं नाही जमलंय त्यांना," भाविका म्हणाली. तिने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं.

कमळाने डबा बाजूला सारला, हात पुसले आणि पान उजेडात धरलं. ती चूक शोधायला लागली. कडेची रेघ पाहिली, कुठेच जाड नव्हती. गंज बोल्टापासून सुरू होऊन खाली गेला होता. मुठी पाहिल्या, पट्ट्याच्या कड्या पाहिल्या, शिरस्त्राणाचा खालचा काठ पाहिला. एका शिपायाची डावी मूठ उजळ होती, उजवी गंजलेली. दुसऱ्या रांगेत आणखी एक डावखुरा होता. तिने दोनशेच्या दोनशे पाहिले, आणि सुट्टी संपेपर्यंत पुन्हा पहिल्यापासून पाहिले. तिला एक तरी चूक हवी होती, तिळाएवढी चालली असती.

"चांगलं केलंय," शेवटी ती म्हणाली, आणि पुस्तक मिटायच्या आधीच भाविकासमोर तिला रडू फुटलं.